आर्टेमिया

आर्टेमिया : मिठागरांत आणि खाऱ्या सरोवरांत राहणारा एक लहान संधिपाद प्राणी. क्रस्टेशियांपैकी ब्रँकिओपोडा वर्गातील अ‍ॅनोस्ट्राका गणात त्याचा समावेश होतो. ‘ब्राइन श्रिंप’ या नावाने तो व्यापारात ओळखला जातो. पण खऱ्या कोळंबीशी त्याचे नाते दूरचे आहे. या प्राण्याचे महत्त्व त्याच्या अंड्यांत आहे. ती वाळवून, डब्यात भरून कित्येक महिने ठेवता येतात आणि हवी तेव्हा खाऱ्या पाण्यात टाकली असता सु. २४ तासांत त्यांतून पोहणारी जिवंत पिले बाहेर पडतात. नुकत्याच जन्मलेल्या मत्स्यपिलांना व कोळंबीच्या डिंभांना खाद्य म्हणून ती दिली जातात. मागणीनुसार तयार होणारे असे दुसरे जिवंत खाद्य सहजी मिळत नसल्याने जगभरातील मत्स्यबीज केंद्रे आणि हौशी मत्स्यपालक या अंड्यांवर अवलंबून असतात.

शरीररचना व जीवनचक्र : प्रौढ प्राण्याची लांबी सामान्यतः ८–१२ मिमी. असते. शरीराला कवच नसते. वक्षावर पर्णासारख्या चपट्या पायांच्या ११ जोड्या असून त्यांच्या तालबद्ध हालचालीने पोहणे, श्वसन आणि पाण्यातील सूक्ष्म कण गाळून खाणे ही तिन्ही कामे होतात. हा प्राणी पाठ खाली व पोट वर करून पोहतो. सागरी पाण्याच्या कित्येक पट खाऱ्या पाण्यात तो जगू शकतो. अशा पाण्यात मासे व इतर भक्षक टिकत नाहीत. हेच त्याचे संरक्षण होय. कमी खाऱ्या पाण्यातही तो जगतो, परंतु तेथे तो लवकरच इतरांचे भक्ष्य बनतो.

परिस्थिती अनुकूल असते तेव्हा मादी जिवंत पिलांना जन्म देते. पाण्याची लवणता फार वाढली, ऑक्सिजन कमी झाला किंवा ऋतू पालटू लागला म्हणजे ती जाड कवचाची सुप्त अंडी घालते. एका वेळी ३०० पर्यंत पिले किंवा अंडी निपजतात. आर्टेमिया फ्रान्सिस्काना, आर्टेमिया सलायना, आर्टेमिया सिनिका, आर्टेमिया उर्मियाना इ. जातींत नर व मादी वेगवेगळे असतात. आशिया व यूरोपातील काही वंशांत मात्र केवळ माद्याच असून त्यांचे प्रजनन अनिषेकजननाने होते. वाऱ्याने आणि पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून वा त्यांच्या पचनमार्गातून अंडी दूरवर पसरतात.

सुप्त अंडे : व्यापारात ज्याला अंडे म्हणतात ती वस्तुतः पुटी असते. फलित अंड्याचे विभाजन होऊन सु. ४,००० कोशिकांचा भ्रूण बनल्यावर त्याचा विकास थांबतो आणि त्याच अवस्थेत तो कवचात बंद होतो. पुटीचा व्यास ०·२–०·३ मिमी. असून एका ग्रॅममध्ये साधारणतः दोन ते तीन लाख पुटी मावतात. हीमॅटीन या रंगद्रव्यामुळे कवच तपकिरी दिसते. हे रंगद्रव्य भ्रूणाचे जंबुपार किरणांपासून रक्षण करते. कोरडे अंडे एका बाजूने खोलगट, पोचा आलेल्या चेंडूसारखे दिसते. पाण्यात भिजल्यावर एक-दोन तासांत ते गोल होते.

भ्रूणात ट्रेहॅलोज या शर्करेचा मोठा साठा असतो. पाणी निघून गेल्यावर ही शर्करा प्रथिने व कोशिकापटले यांना आधार देते आणि त्यांची रचना मोडू देत नाही. यामुळे पुरेशी वाळलेली अंडी अतिशीत तापमानात टिकतात, तसेच ६०° से. पर्यंतच्या उष्णतेनेही त्यांची उबवणक्षमता घटत नाही. १९७२ साली अपोलो–१६ व अपोलो–१७ या अंतराळयानांतून आर्टेमियाची अंडी अंतराळातील प्रारणांच्या अभ्यासासाठी नेण्यात आली होती. पूर्ण भिजलेली अंडी ऑक्सिजनविरहित पाण्यात चार वर्षे ठेवल्यानंतरही त्यांतील भ्रूण जिवंत राहतात, असे अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स क्लेग यांनी १९९७ मध्ये दाखविले.

तथापि या सहनशीलतेला एक मोठा अपवाद आहे. अंड्यातील पाण्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेले आणि भोवती ऑक्सिजन असला, तर भ्रूणाचा चयापचय मंद गतीने सुरू होतो. अंडे फुटण्याइतके पाणी मात्र त्याला मिळालेले नसते. साठविलेली ऊर्जा अशा रीतीने व्यर्थ खर्च होत जाते आणि शेवटी पाण्यात टाकल्यावरही अंडे उबत नाही. बाहेरून त्याच्यात काहीच फरक दिसत नाही. कोरडे अंडे सुरक्षित असते आणि पूर्ण भिजलेले अंडे उबते; धोका या दोहोंमधील दमट अवस्थेत असतो. अंड्यांची खरेदी, साठवण व उबवण यांविषयीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

मत्स्यखाद्य म्हणून वापर : अंड्यातून बाहेर पडलेले मत्स्यपिलू पहिले काही दिवस पोटाशी असलेल्या पीतकावर जगते. पीतक संपताच त्याला खाद्य लागते. त्याचे तोंड या वेळी अत्यंत लहान असते, पचनसंस्था अपुरी असते आणि पुष्कळ जातींची पिले केवळ हलणाऱ्या भक्ष्याकडेच आकृष्ट होतात. योग्य खाद्य मिळण्यास दोन-तीन दिवसांचा विलंब झाला, तरी पिले इतकी अशक्त होतात की नंतर खाद्य समोर येऊनही ती वाचत नाहीत. संवर्धनात होणारी पिलांची मोठी हानी याच काळात होते.

अमेरिकेतील ॲल्विन सील यांनी १९३३ मध्ये आणि नॉर्वेतील गुन्नार रोलेफसेन यांनी १९३९ मध्ये आर्टेमियाची नुकतीच उबलेली पिले हे मत्स्यपिलांचे उत्तम खाद्य असल्याचे दाखविले. १९५० नंतर सॅन फ्रान्सिस्को उपसागरालगतची मिठागरे आणि यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक येथून अंड्यांचा व्यापार सुरू झाला. १९७० नंतरच्या दशकात कोळंबी व सागरी माशांचे संवर्धन वाढले आणि अंड्यांचा तुटवडा भासू लागला; किमतीही भडकल्या. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी बेल्जियममधील गेंट विद्यापीठात १९७८ साली पॅट्रिक सॉर्गलूस यांच्या नेतृत्वाखाली आर्टेमिया संदर्भ केंद्र स्थापन झाले. अंडी स्वच्छ करणे, वाळविणे, उबविणे व पिलांचे पोषणमूल्य वाढविणे यांच्या प्रचलित पद्धती बव्हंशी या केंद्राच्या संशोधनातून प्रमाणित झाल्या आहेत.

खरेदी : अंड्यांचा भाव वजनावर ठरतो, पण मत्स्यपालकाला हवी असतात ती जिवंत पिले. म्हणून दर ग्रॅमला किती पिले मिळतात, हे पाहणे आवश्यक असते. एका ग्रॅममध्ये २,५०,००० अंडी आहेत असे धरल्यास ९० टक्के उबवण असलेल्या मालातून २,२५,००० पिले मिळतात. ५० टक्के उबवण असलेल्या मालातून केवळ १,२५,०००. दुसरा माल अर्ध्या किमतीला मिळाला, तरी तो स्वस्त ठरत नाही. कारण न उबलेली अंडी पिलांबरोबर खाली बसतात व त्यांना वेगळे करणे अवघड जाते. ती मत्स्यपिलांच्या पोटात गेल्यास पचत नाहीत आणि आतडे तुंबण्याचा संभव असतो. वाळू, रिकामी कवचे व मिठाचे कण यांचे प्रमाण जास्त असलेल्या मालातही प्रत्यक्ष अंडी कमी भरतात.

उबवणीच्या टक्केवारीइतकेच तिच्या एकसमानतेला महत्त्व आहे. चांगल्या मालात पहिल्या व शेवटच्या पिलांच्या जन्मात थोड्या तासांचेच अंतर असते. हे अंतर फार वाढल्यास एकाच भांड्यात काही पिले भुकेने क्षीण झालेली व काही अजून कवचातच अशी स्थिती होते.

अंड्यांचे मूलस्थानही विचारात घ्यावे लागते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या वंशातील पिले सु. ०·४३ मिमी., ग्रेट सॉल्ट लेकमधील सु. ०·४९ मिमी. आणि अनिषेकजनित वंशांतील बहुधा त्याहून मोठी असतात. लहान तोंडाच्या मत्स्यपिलांच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरू शकतो. डब्यावर मूलस्थान, उबवणीची टक्केवारी आणि भरल्याची वा मुदतीची तारीख असावी. डबा निर्वात किंवा नायट्रोजन भरून बंद केलेला असावा. अंडी सुटी, वाळूसारखी घरंगळणारी असावीत. गुठळ्या झालेली किंवा कुबट वास येणारी अंडी घेऊ नयेत. दुकानात मोठ्या डब्यातून काढून पिशवीत भरलेल्या सुट्या अंड्यांना दमट हवा लागलेली असण्याचा संभव असतो.

मोठी खरेदी करण्यापूर्वी नमुना उबवून पाहणे इष्ट होय. एका बशीत खारे पाणी घेऊन त्यात मोजून १०० अंडी टाकावीत आणि २४ तासांनी व पुन्हा ३६ तासांनी न फुटलेली अंडी भिंगाखाली मोजावीत. असे तीन नमुने घेऊन सरासरी काढल्यास मालाचा पुरेसा अंदाज येतो.

साठवण : पाणी व ऑक्सिजन यांपासून अंडी दूर ठेवणे हे साठवणीचे तत्त्व आहे. चांगल्या मालात पाण्याचे प्रमाण साधारणतः ५ टक्क्यांच्या आसपास असते. न उघडलेला डबा थंड व कोरड्या जागी ठेवल्यास अंडी कित्येक महिने टिकतात. शीतकपाटात त्याहून अधिक काळ टिकतात. डबा एकदा उघडला म्हणजे प्रत्येक वेळी बाहेरची हवा आत शिरते. कोकणासारख्या किनारी प्रदेशात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघडा राहिलेला डबा थोड्या आठवड्यांत निरुपयोगी होऊ शकतो. म्हणून डबा उघडताच अंडी लहानलहान बाटल्यांत काठोकाठ भरून त्यांची झाकणे घट्ट लावावीत आणि एका वेळी एकच बाटली वापरात ठेवावी. बाटलीत सिलिका जेलची पुडी ठेवणे उपयुक्त असते. शीतकपाटातून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. अन्यथा थंड अंड्यांवर दव धरते. ओला चमचा बाटलीत घालू नये.

नुकतीच गोळा केलेली ओली अंडी संपृक्त मिठवणीत थोडे महिने ठेवता येतात. मिठवणी अंड्यातील पाणी शोषून घेते व चयापचय थांबतो. काही वंशांची ताजी अंडी योग्य पाण्यातही उबत नाहीत. कारण त्यांची सुप्तता आतून नियंत्रित असते. वाळविणे, थंडीत ठेवणे किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडाची प्रक्रिया करणे या उपायांनी ती भंग करावी लागते.

उबवण : अंडे भिजल्यावर भ्रूणातील ट्रेहॅलोजचे ग्लिसरॉलमध्ये रूपांतर होऊ लागते. ग्लिसरॉल पाणी खेचून घेते, आतील दाब वाढत जातो व अखेर कवच तडकते. भ्रूण पातळ पटलात गुंडाळलेल्या स्थितीत कवचाखाली लोंबकळतो. या अवस्थेस छत्रावस्था म्हणतात. थोड्याच वेळात पटल फाडून पिलू पोहू लागते. बाहेरील पाणी जितके अधिक खारे, तितके कवच तडकण्यासाठी अधिक ग्लिसरॉल बनवावे लागते. त्यामुळे उबवण लांबते व पिलातील ऊर्जा घटते. प्रौढ प्राणी अतिशय खाऱ्या पाण्यात राहत असला, तरी उबवणीसाठी सागरी पाण्याइतके किंवा त्याहून कमी खारे पाणी योग्य असते, याचे कारण हेच आहे.

उबवणीस पुढील स्थिती अनुकूल असते : लवणता एक लि. पाण्यात २५–३५ ग्रॅ. मीठ, तापमान २५–२८° से.; पीएच मूल्य ८ ते ८·५; अंडी दर लिटरला २ ग्रॅमपर्यंत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे लागते. पाणी अम्लीय होऊ नये म्हणून त्यात थोडा खाण्याचा सोडा घालतात. तळाशी निमुळते असलेले पारदर्शक भांडे उत्तम. घरगुती वापरासाठी प्लॅस्टिकची बाटली तळ कापून उलटी टांगली तरी चालते. हवेची नळी अगदी तळापर्यंत सोडून अंडी सतत ढवळत ठेवावीत. तळाशी साचलेल्या अंड्यांना ऑक्सिजन मिळत नाही. भिजल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत तीव्र प्रकाश मिळणे आवश्यक असते. तापमान २०° से.च्या खाली गेल्यास उबवण बरीच लांबते, ३३° से.च्या वर गेल्यास भ्रूणांना इजा पोहोचते.

कवच काढणे : अंडी उबविण्यापूर्वी त्यांचे बाह्य कवच रासायनिक रीत्या विरघळविता येते. अंडी तासभर गोड्या पाण्यात भिजवून नंतर हायपोक्लोराइटाच्या अल्कधर्मी विद्रावात ५–१५ मिनिटे सतत ढवळतात. त्यांचा रंग तपकिरीवरून करडा व मग नारिंगी होतो. या क्रियेत उष्णता निर्माण होते. तापमान ४०° से.च्या वर जाऊ नये म्हणून बर्फ वापरतात. नारिंगी रंग येताच अंडी गाळून भरपूर पाण्याने धुतात आणि उरलेला क्लोरीन सोडियम थायोसल्फेटाने नाहीसा करतात. यामुळे अंडी निर्जंतुक होतात, रिकाम्या कवचांचा प्रश्न राहत नाही आणि न उबलेली अंडीही पिलांना खाऊ घालता येतात. विद्राव दाहक असल्याने हातमोजे व चष्मा वापरणे आवश्यक आहे.

पिले वेगळी करणे व खाऊ घालणे : उबवण पूर्ण झाल्यावर हवा बंद करून ५–१० मिनिटे थांबतात. रिकामी कवचे वर तरंगतात. पिले व न उबलेली अंडी खाली जातात. पिले प्रकाशाकडे आकृष्ट होत असल्याने भांड्याचा वरचा भाग झाकून तळाजवळ दिवा ठेवल्यास ती तेथे जमतात. सर्वांत आधी तळाची न उबलेली अंडी काढून टाकून नंतर पिले सु. ०·१२ मिमी. छिद्रांच्या जाळीवर गाळून घेतात. फार वेळ हवा बंद ठेवल्यास दाटीने जमलेली पिले गुदमरतात. अंडी फुटताना बाहेर पडलेल्या ग्लिसरॉलवर जीवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून पिले स्वच्छ पाण्याने चांगली धुवावीत आणि उबवणीचे पाणी मत्स्यपिलांच्या टाकीत कधीही ओतू नये. अलीकडे अंड्यांवर लोहयुक्त लेप देऊन कवचे व न उबलेली अंडी चुंबकाने वेगळी करण्याची पद्धतही मोठ्या केंद्रांत रूढ झाली आहे.

नुकतेच जन्मलेले पिलू पीतकामुळे नारिंगी दिसते. त्याच्या शुष्क वजनाचा सु. निम्मा भाग प्रथिनांचा असतो. त्याचे तोंड व गुदद्वार या वेळी बंद असून ते काहीही खात नाही. सु. ८–१२ तासांनी कात टाकून ते दुसऱ्या अवस्थेत जाते. तेव्हा ते आकाराने मोठे, फिकट व अधिक चपळ होते. या अवस्थेत २४ तास उपाशी राहिल्यास त्यातील सु. एक-चतुर्थांश ऊर्जा नाहीशी होते. म्हणजे जे भक्ष्य मत्स्यपिलाला पकडण्यास व गिळण्यास अवघड झाले, त्यातील पोषणही घटलेले असते. यास्तव पिले जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर खाऊ घालणे हितावह होय. उरलेली पिले ४° से. तापमानात हवा पुरवून एक दिवस ठेवता येतात. थंडीमुळे त्यांची वाढ व ऊर्जेचा व्यय मंदावतो.

सागरी माशांच्या पिलांना लागणारे डीएचए हे मेदाम्ल आर्टेमियात अत्यल्प असते. त्यासाठी दुसऱ्या अवस्थेतील पिलांना मत्स्यतेलाचे पायस १२–२४ तास खाऊ घालून मग ती मत्स्यपिलांना देतात. जिताड्यासारख्या सागरी माशांच्या पिलांचे तोंड आरंभी आर्टेमियासाठीही लहान असते. त्यांना प्रथम रोटिफर हे सूक्ष्म प्राणी व नंतर आर्टेमिया देतात. गोड्या पाण्यात आर्टेमियाची पिले काही तासच जगतात. तेवढ्या वेळात संपतील इतकीच ती टाकीत सोडावीत. मेलेली पिले पाणी नासवितात.

उत्पादन व संरक्षण : जगात दर वर्षी काही हजार टन अंडी वापरली जातात आणि त्यांतील बहुतांश निसर्गातून गोळा केली जातात. ग्रेट सॉल्ट लेकवर शरद ऋतूत अंड्यांचे तपकिरी पट्टे पाण्यावर तरंगतात. ते तरंगत्या कुंपणांनी घेरून पंपांनी नावेत घेतात. पुढील वर्षासाठी पुरेशी अंडी राहावीत म्हणून दर लिटर पाण्यातील त्यांची संख्या २१ पर्यंत उतरल्यास संकलन थांबविण्याचा नियम तेथे आहे. १९५९ साली पूर्ण झालेल्या रेल्वेच्या भरावामुळे या सरोवराचे दोन भाग झाले असून उत्तर भाग आर्टेमियाला न सोसण्याइतका खारा बनला आहे. सिंचनादी उपयोगांसाठी नद्यांचे पाणी वळविल्याने व अवर्षणामुळे २०२२ मध्ये सरोवराची पातळी नोंदींतील नीचांकास पोहोचली आणि दक्षिण भागाची लवणताही धोकादायक प्रमाणात वाढली. २०२३ मध्ये भरावातील खिंडीजवळचा बंधारा उंचावण्यात आला आणि त्या वर्षीच्या विपुल हिमवर्षावामुळे तात्पुरता दिलासा मिळाला. इराणमधील उर्मिया सरोवर आटल्याने तेथील आर्टेमियाची झालेली वाताहत ही अशा संकटाची पूर्वसूचना मानावी लागेल.

निसर्गातील साठ्यांवरचा भार कमी करण्यासाठी मिठागरांत आर्टेमिया सोडून अंडी मिळविण्याचे प्रयोग झाले. ब्राझीलमधील मकाऊ येथे १९७७ साली आणि १९८० नंतरच्या दशकात व्हिएटनाममधील विन्ह चाऊ येथे सॅन फ्रान्सिस्कोचा वंश सोडण्यात आला. व्हिएटनाममधील मीठ-उत्पादकांना हा चांगला जोडधंदा ठरला. मात्र परका वंश पसरल्यास स्थानिक वंश नामशेष होण्याची भीती असते. भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागातील अनेक मिठागरांत आर्टेमिया फ्रान्सिस्कानाने मूळ वंशांना हटविले आहे.

भारतात मुंबईतील वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया आढळल्याची नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ मध्ये केली. राजस्थानातील सांभर सरोवर, गुजरातमधील आणि तमिळनाडूतील तुतिकोरीन येथील मिठागरे यांतही तो आढळतो. देशी वंश बव्हंशी अनिषेकजनित असून आर्टेमिया फ्रान्सिस्कानाचा शिरकाव भारतीय मिठागरांतही झाल्याचे दिसून आले आहे. येथील मत्स्यबीज केंद्रे मुख्यत्वे आयात अंडी वापरतात. ती महाग असल्याने उबवणीत व साठवणीत होणारी हानी टाळणे हे उत्पादन-खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते; आणि जी अंडी डब्यात दमट होऊन वाया जातात, त्यांच्या जागी सरोवरातून तितकीच नवी अंडी काढावी लागतात.